वन्संसाठी ऐकलेली गाणी

वन्सं,

तुमचा तेरावा होऊन आज आठ दिवस झाले. त्या दिवशी आल्यागेल्या सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. शिस्तीच्या होत्या, शाळेत मुली वचकून असायच्या, कुणाचं मन म्हणून दुखवलं नाही. हे शेवटचं तितकंसं खरं नाही, पण मी मान हलवत राहिले. तुम्ही गाणं कसं विकत घ्यायचात आणि कसं ऐकायचात, याबद्दल मात्र कुणी बोललं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण ते चारचौघांत सांगायला गेले असते तर सोबत एक कबुलीही द्यावी लागली असती. ती आधी तुम्हाला द्यायला हवी, म्हणून हे लिहिते आहे. माझं शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं, ऱ्हस्वदीर्घाचा आनंदच आहे. चुका काढू नका. काढल्यात तरी चालेल.

लग्न होऊन धारला आले तेव्हा नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं. देवासला आमची कारखान्याची कॉलनी. बाबा नोकरीसाठी नागपूरकडून आलेले, आजूबाजूला सगळ्या दीदी आणि भाभी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, की वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. तुम्ही तेव्हा चाळिशीच्या आत होतात, मुलींच्या शाळेत शिकवत होतात, लग्न केलं नव्हतंत. माझी पेटी लावायला तुम्हीच बसलात. साड्यांच्या घड्यांमधून आठ कॅसेट निघाल्या.

"एवढ्या?"

"भरून घेतल्यात," मी म्हणाले. "दुकानदाराला यादी दिली की तो कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देतो. सगळी माझ्या पसंदची."

तुम्ही एका कॅसेटवरची माझ्या अक्षरातली यादी वरपासून खालपर्यंत वाचलीत. "म्हणजे यात तुला न आवडणारं एकही गाणं नाही?"

"एकही नाही."

"अरेरे," तुम्ही म्हणालात. थट्टेने नाही, खरंच वाईट वाटल्यासारखं. मला तेव्हा तुमचा रागच आला होता.

पुढे मी माहेरी निघाले की तुम्ही सोबत यायला लागलात. सासूबाईंना वाटायचं, सुनेवर लक्ष ठेवायला जाते. तुम्ही यायचात ते देवासला टेकडीच्या रस्त्यावर कॅसेटचं दुकान होतं म्हणून. धारला तुम्हाला हवं तसलं गाणं क्वचित मिळायचं. देवासच्या दुकानात त्याचा एक आख्खा खण होता, आणि दुकानदारही असा, की गिऱ्हाइकाला आधी वाजवून दाखवायचा. सगळे त्याला भियाच म्हणत. तुम्ही काउंटरवर हात टेकून उभ्या राहायचात आणि एक बाजू पूर्ण ऐकायचात. मधे गिऱ्हाइकं यायची, कुणी लग्नाच्या वरातीचं मागायचं, कुणी आरत्या. तुम्ही हलायच्या नाहीत.

एकदा दिवाळीच्या आधी अशीच एक बाजू ऐकून झाली आणि तुम्ही पिशवी उचललीत.

"क्यों बैनजी, पसंद नी आई?" भियाने विचारलं.

"बहुत पसंद आई."

"तो बाँध दूँ?"

"अभी नहीं. पिछलीवाली चल रही है."

"पिछलीवाली तो आप राखी पे ले गए थे."

"हो ना," तुम्ही मराठीतच म्हणालात, "तीच चाललीय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आवडली होती तर घ्यायची ना. तेव्हा परतीच्या बसमध्ये तुम्ही मला मनावर गावातलं सांगितलंत. नोकरीची पहिली पाच वर्षं तुम्ही मनावरला होतात, एका खोलीत, सोबतीला फक्त रेडिओ. त्यावर जे लागेल ते ऐकायचं. एकदा कुणी बाई गात होती, आणि गाणं ऐन रंगात आलं असताना वीज गेली. वीज आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या. कोण गात होती, काय गात होती, ते कधीच कळलं नाही. "त्यानंतर पहिली कॅसेट घेतली ना, तेव्हा ती महिनाभर ऐकली," तुम्ही म्हणालात. "मी थांबवीन तेव्हाच थांबणार होती ती. तेवढंच मला हवं होतं." इतकं लांब तुम्ही माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होतात.

आपलं भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं. तुमचं म्हणणं, आवडतं तेवढंच उचलून घेणाऱ्याला दुसरी बाजू कधी ऐकायलाच मिळत नाही. माझं म्हणणं, आवडतं ते ऐकण्यात चूक काय? एकदा मी चिडून बोलून गेले, "वन्सं, तुम्हाला दुपार असते. मला दोन डबे असतात, आईंचं पथ्य असतं, अनिकेतचा अभ्यास असतो. एक बाजू बसून ऐकायला मी कुठून वेळ आणू? माझं गाणं पोळ्या लाटता लाटताच होणार."

पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलंत आणि म्हणालात, "जा, बैस. एक बाजू. तोवर मी करते." मी बाहेर खाटेवर बसले. तुमची कॅसेट लावली होती. पहिली दहा मिनिटं माझं लक्ष तव्याकडेच होतं, पोळी जळतेय असं वाटत होतं. जळतच होती. मग केव्हातरी लक्ष गाण्याकडे गेलं. ती गाणारी बाई एकाच सुराभोवती किती वेळ घुटमळत होती, आणि मला कंटाळा आला नव्हता. त्या दिवशीच्या पोळ्या इतक्या जाड होत्या की तुमच्या भावाने विचारलं, आज भाकरी का? त्यानंतर दर रविवारी तुम्ही पोळ्या केल्यात. त्या शेवटपर्यंत सुधारल्या नाहीत. याबद्दल मी तुम्हाला कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्याकडे घरात कोण म्हणतं? पण म्हणायला हवं होतं.

कॅसेट गेल्या, सीडी आल्या, मग माझ्या हातात फोन आला. एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू. मी खूश होते. तुम्ही दोन दिवस ते ऐकलंत आणि म्हणालात, "हा तर मनावरचा रेडिओच की."

"रेडिओला माझी आवड कुठे कळायची? याला कळते."

"तेच तर. ज्याला तुझी आवड कळली, तो तुला दुसरं काही देईलच कशाला?"

"आणि तुमचं काय वेगळं आहे, वन्सं? एक भजन नाही तुमच्याकडे, एक सिनेमाचं गाणं नाही. तुम्हीही आवडीचंच घेता. फक्त हळूहळू घेता."

तुम्ही म्हणालात, "आहे खरं." भांडण तिथेच राहिलं. मला अजूनही वाटतं, मी अगदीच चूक नव्हते. त्याच फोनवर मला बायकांनी लग्नात म्हटलेली माळवी गाणी सापडली होती, मागे भांड्यांचे आवाज, मुलांचं रडणं, सगळ्यासकट. ती कुठल्या दुकानात मिळाली असती? तुम्ही माझा फोन कानाशी धरून ती तीनदा ऐकलीत. कबूल मात्र केलं नाहीत.

मग चार वर्षांपूर्वी अनिकेतने पुण्याहून तुमच्यासाठी तो छोटा स्पीकर पाठवला. नुसतं तोंडाने सांगायचं, गाणं लागतं. तुम्ही एकदाही लावला नाहीत. महिनाभर वाट पाहून मी म्हणाले, "पोराने इतक्या प्रेमाने पाठवलं. तुम्हाला कुणाच्या कशाचं कौतुकच नाही." तुम्ही म्हणालात, "असेल." नुसतं असेल. मी दोन दिवस तुमच्याशी तुटक वागले.

त्याच आठवड्यात एका दुपारी चहा घेऊन तुमच्या खोलीत आले. तुम्ही टेपसमोर बसला होतात, डोळे मिटलेले, गुडघ्यावर बोटांनी ताल धरलेला. टेप बंद होता. बाजू केव्हाच संपून बटण वर आलं होतं. "वन्सं, संपली," मी म्हटलं. तुमची बोटं चालूच राहिली. मी खांद्याला हात लावला तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे पाहिलंत, मग टेपकडे.

"केव्हा संपली?" तुम्ही विचारलंत.

चहा हातात तसाच धरून मी उभी राहिले. स्पीकरशी बोललात तर तो काय म्हणतो ते तुम्हाला ऐकू आलं नसतं, म्हणून तुम्ही त्याच्याशी बोलत नव्हतात. आणि मी काय बोलून बसले होते. त्याची माफीही मी मागितली नाही. नुसती तुमच्याशेजारी बसले.

इंदूरच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. माणसांचं बोलणं त्याने कळायला लागलं. गाण्याबद्दल विचारलं तर तुम्ही म्हणालात, "पत्र्यावर खडी ओतावी तसं येतं." तुम्ही टेपवर कापड घातलंत, आणि सहा-सात महिने त्याचा विषय निघाला नाही. तुमचा भाऊ म्हणाला, वय झालं की होतं असं. तुम्ही हो म्हणालात. मीही हो म्हणाले.

आणि मग एका सकाळी तुम्ही जरीकाठाची साडी नेसून दारात उभ्या. "चल, देवासला जाऊ. एक सीडी घ्यायचीय."

रस्ताभर मला विचारायचा धीर झाला नाही. दुकानात आता मोबाइलची कव्हरं आणि चार्जर. भिया गेला, त्याचा मुलगा बसतो, त्याचेही केस पांढरे झालेत. मागे एका फळीवर थोड्या सीडी उरल्या होत्या. तुम्ही एकेक उचलून पाहिलीत, ओळखीची नावं बाजूला ठेवलीत, आणि एका तरुण गायिकेची सीडी निवडलीत. तिचं नावही आपण कधी ऐकलं नव्हतं.

"हीच का?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"ओळखीचं घेऊन मी काय करू? ते मला आतून येतं. मनात लावलं की लागतं. पण जे कधी ऐकलंच नाही ते आतून कसं येईल?" तुम्ही पिशवीत हात घालून सीडी नीट बसवलीत. "ते तू ऐक. आणि मला सांग."

तशा आपल्या दुपारी सुरू झाल्या. आधी काय फजिती. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं ऐकून मी म्हणाले, "छान आहे."

"छान म्हणजे? आवाज कसा आहे?"

"अच्छा आहे. म्हणजे मीठा आहे."

"गोड म्हण. आणि गोड तर बत्तासाही असतो. श्वास कुठे घेते? वर जायच्या आधी थांबते का?"

मला शब्दच सापडायचे नाहीत. मग हळूहळू सापडायला लागले. मी सांगायचे, ही वर जाताना आधी जरा थबकते, जिना चढताना आपण पदर सावरतो तशी. हिचा तबलजी घाईत आहे, पण ती त्याला दाद देत नाही. आता ती त्याच ओळीवर तिसऱ्यांदा आली, पण या वेळी चिडलेली वाटते. तुम्ही मशीन काढून ठेवायचात, खडखड नको म्हणून, आणि माझ्या ओठांकडे बघत राहायचात. मधेच हात वर केलात की मी थांबायचे. तेवढ्या वेळात तुम्ही ते गाणं मनात लावून पाहत असाल. मग मान हलवायचात. पुढे सांग.

तीन वर्षांत आपण अशा सात सीडी ऐकल्या. वन्सं, मी आयुष्यभर गाणं ऐकत आले होते, पण कुणाला सांगायचंय म्हणून ऐकायला लागल्यावर कळलं की मी आधी किती कमी ऐकत होते. आता स्वयंपाकघरात फोनवर साधं गाणं लागलं तरी मागची सारंगी ऐकू येते. ही तुमची देणगी. तुम्हाला ती द्यायची नव्हती, तुम्हाला फक्त गाणं हवं होतं. तरी मिळाली.

आता ते सांगते, ज्यासाठी लिहायला बसले.

गेल्या महिन्यात तुमचं उठणं-बसणं कमी झालं होतं. माझ्या भावाकडे सत्यनारायण होता म्हणून मी देवासला निघाले तर तुम्ही म्हणालात, "एक आण. तुझ्या मनाने." इतक्या वर्षांत निवड तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर सोपवली होती. पूजा अर्धी टाकून मी दुकानात गेले. फळीवर चार सीडी होत्या. मी अर्धा तास घेतला. शेवटी एका वयस्क गायिकेची घेतली. वेष्टनावरच्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे न बघता तंबोऱ्याकडे बघत होती, एवढ्याच कारणाने.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही वेणी घालून घेतलीत. पाठीला उशा लावून बसलात, मशीन काढलंत. मी प्लेअरमध्ये सीडी घातली. ती आत गर्रकन फिरली आणि थांबली. पुन्हा घातली, पदराने पुसून घातली. नाहीच. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला "वाजत नाही" एवढे दोन शब्द तोंडातून काढता आले नाहीत.

मी सांगायला सुरुवात केली.

आवाज खोल आहे, म्हटलं. विहिरीत बादली सोडावी तसा खाली जातो. ती आलाप सावकाश करतेय. आता तबला आला, अगदी हळू. मी अर्धा तास सांगत राहिले, वन्सं. त्या खोलीत पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. मी थांबायचे, ऐकल्यासारखं करायचे, पुन्हा सांगायचे. शेवटी तिने वरचा सूर असा लावला म्हटलं, की तो कुठून सुरू झाला तेच कळलं नाही. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग म्हणालात, "चांगली गाते बाई. हिचं आणखी मिळालं तर आण."

पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. त्या प्लेअरला पुढे छोटी काच आहे, सीडी वाजत असली की तिच्यात मिनिटांचे हिरवे आकडे पुढे सरकतात. तुमची नजर अधू नव्हती, आणि प्लेअर तुमच्या समोर होता. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असूनही तुम्ही मला सांगू दिलंत का? की खरंच माझ्यावर विश्वास ठेवलात? दोन्ही उत्तरं मला जड जातात. पहिलं असेल तर तुम्ही माझी लाज राखलीत. दुसरं असेल तर मी तुम्हाला शेवटचं गाणं खोटं दिलं.

परवा मी ती सीडी घेऊन देवासला गेले. भियाच्या मुलाला म्हटलं, ही खराब निघाली. त्याने आपल्या मशीनवर लावली आणि ती लगेच वाजली. "माँजी, सीडी तो बढ़िया है. आपका प्लेयर गया," तो म्हणाला. मी त्याला ती बंद करायला लावली. त्याला वाटलं मी रागावले. भावाकडे जुना प्लेअर होता तो मागून घेतला, धारला आणला आणि काल दुपारी तुमच्या खोलीत बसून पूर्ण ऐकली. आता जे आहे ते सांगते.

ती सुरू करायच्या आधी खोकते. दोनदा. तो खोकला कुणी काढून टाकलेला नाही. आवाज खोल नाही, वन्सं, चिरका आहे, आणि पहिली पाच मिनिटं मला आवडला नाही. मी सांगितलं होतं तशी ती सावकाश जात नाही. ती भराभर बोलणाऱ्या बाईसारखी गाते, जणू घरी परत जायचंय. तबला जोरात आहे, कधी कधी तिच्यावर चढतो. मग मध्यावर कुठेतरी ती एकदम धिमी होते. का होते ते मला कळलं नाही, तुम्ही सांगितलं असतंत. तिथून पुढे तोच आवाज मला वेगळा वाटायला लागला. चिरका होता तो कोरडा वाटला, आणि कोरडा असूनही माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी तुम्हाला सांगितलेल्या गाण्यात ती कुठेच चुकली नव्हती. खऱ्या गाण्यात चुकते. शेवटाकडे वरचा सूर घ्यायला जाते आणि तो फाटतो. ती थांबते. समोर बसलेल्यांत कुणीतरी हळूच काही बोलतं, आणि ती हसते. मग खालून पुन्हा सुरुवात करते, एकेक पायरी, आणि परत तिथेच जाते. दुसऱ्यांदाही तो सूर पुरता लागत नाही. ती तो तसाच ठेवते आणि खाली येते.

एवढंच आहे, वन्सं. यात माझ्या पदरचं काही नाही.

तुमची,
सुनंदा